ग्रीन कापणाऱ्याच्या पोरानं कप नेला, मग गेट काहून बंद?

गोल्फ म्हटलं की आमच्या भागात माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, "साहेब लोकायचा खेळ हाय तो बावा, आपल्याले काय करायचं?" पानठेल्यावर हा विषय काढून पाहा, दुसऱ्या मिनिटाला गाडी सोयाबीनच्या भावावर जाते, आणि त्यात काही चूक नाही, भाव महत्त्वाचाच आहे. पण हे "आपल्याले काय करायचं" मला पटत नाही. आपल्या देशाची जी राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा आहे, इंडियन ओपन, तिच्या साठ वर्षांत कोण कोण जिंकलं ती यादी नीट वाचा, मग दिसते की साहेबाच्या या खेळात साहेबाची बॅग उचलणाऱ्यानं किती वेळा बाजी मारली ते. साहेबाकडे आहे ती जमीन, आणि खरं पाहिलं तर बऱ्याच ठिकाणी तीही त्याची नाही, सरकारची आहे, म्हणजे तुमची-माझी, लीजवर दिलेली. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे राजेहो. ज्या गोल्फ कोर्सखाली सरकारी जमीन आहे तिथे कॅडी, माळी आणि आसपासच्या वस्तीतल्या पोरापोरींना ठरलेल्या दिवशी खेळायला मिळणं ही लीजमधली अट पाहिजे, क्लबची मेहरबानी नको.

आता इतिहासाकडे येतो, कारण तो माहीत नसला की हे सगळं उगाच भांडण वाटते.

पीटर थॉमसन नावाचा एक ऑस्ट्रेलियन गोल्फर होता, ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला, १९५४, ५५, ५६, ५८ आणि ६५ ला. ऑस्ट्रेलियातून युरोपात खेळायला जाता-येता तो दिल्लीला थांबायचा आणि त्यानंच इथल्या लोकांच्या डोक्यात घातलं की तुमची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा पाहिजे, जिच्यात पैशासाठी खेळणारे प्रोफेशनल आणि हौशी दोघंही उतरतील. १९६४ ला दिल्ली गोल्फ क्लबवर पहिली इंडियन ओपन झाली आणि जिंकली कोणी, तर थॉमसननंच. (ज्यानं सल्ला दिला त्यानंच कप नेला, पण खेळून नेला, त्यामुळे बोलायला जागा नाही.) १९६६ आणि १९७६ लाही तोच जिंकला. मधल्या १९६५ ला स्पर्धा कलकत्त्याला होती, रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर, आणि तिथे प्रेम गोपाल सेठी म्हणजे बिल्लू सेठी जिंकला. भारतीय आणि तोही हौशी, त्यानंतर आजपर्यंत दुसऱ्या कोणत्या हौशी खेळाडूला ते जमलं नाही. हा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब. १८२९ म्हणजे आपल्या नागपुरात तेव्हा भोसल्यांची गादी शाबूत होती, इतकं जुनं प्रकरण आहे हे.

सेठीनंतर मात्र लंबा दुष्काळ. जपानचा केनजी होसोइशी १९६७ आणि ६८ ला लागोपाठ जिंकला, १९७० पासून स्पर्धा आशियाच्या सर्किटमध्ये गेली, बाहेरचे भारी भारी खेळाडू यायला लागले, १९८१ ला अमेरिकेचा पेन स्टुअर्ट जिंकून गेला जो पुढे दोनदा यूएस ओपन जिंकला. भारतीय माणूस मात्र नाही. सव्वीस वर्षं नाही. आणि ही कोंडी १९९१ ला फोडली कोणी, तर ना कोण्या क्लब मेंबरच्या पोरानं, ना परदेशात शिकून आलेल्यानं. अली शेरनं फोडली, जो दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला. भारतीय प्रोफेशनलनं जिंकलेली ती पहिली इंडियन ओपन. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला, आणि १९९३ ला गडी परत जिंकला, म्हणजे पहिला विजय नशिबाचा होता म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही.

कॅडी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळणाऱ्याची बॅग घेऊन चालणारा, बॉल कुठे पडला ते शोधणारा, इथून किती अंतर आहे आणि कोणती स्टिक लागेल ते सांगणारा. आपल्याकडच्या जुन्या क्लबांमध्ये पुढे पळत जाऊन बॉल कुठे पडतो ते पाहणाऱ्या पोराला आगेवाला म्हणायचे, म्हणजे तो कॅडीच्याही खालचा. आता आमच्याकडे सालदार ठेवतात, पाडव्याला बोली होते, सालाचे पैसे ठरतात. वावराचा कोणता तुकडा पाणी धरून ठेवतो, कोणत्या धुऱ्याकडून रानडुकरं शिरतात, कुठे गोटे आहेत अन् वखर अडकते, हे त्याला मालकापेक्षा जास्त कळते, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं. कॅडीचं अगदी तेच आहे. दिल्लीच्या त्या कोर्सवर दोन्ही बाजूला काटेरी झुडपं इतकी दाट आहेत की बॉल जरा वाकडा गेला की गेला, तिथे ताकदीपेक्षा बॉल कुठे टाकायचा नाही हे कळणं जास्त कामाचं, आणि ते कळायला लहानपणापासून तिथे चालावं लागते. अली शेर चालला होता. बाहेरून विमानानं आलेला माणूस कितीही मोठा असला तरी चार दिवसांत त्याला हे कळणार नाही.

पुढची यादी भराभर सांगतो. १९९८ ला कलकत्त्याचा फिरोज अली, १९९९ ला अर्जुन अटवाल, २००० ला ज्योती रंधावा, आणि तो पुन्हा २००६, २००७ ला. २००२ ला लखनौचा विजय कुमार, हाही लखनौ गोल्फ क्लबवर कॅडी होता. २०१५ ला अनिर्बान लाहिरी. आणि २०१६, २०१७ ला एसएसपी चौरासिया.

चौरासियावर जरा थांबतो कारण माझ्या मते या स्पर्धेची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. त्याचा बाप रॉयल कलकत्ता क्लबवर ग्रीनकीपर. ग्रीन म्हणजे बॉल घालायच्या होलभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा तुकडा, त्याचं गवत सांभाळणारा. पोरगा कोर्सच्या कडेला वाढला, बघून बघून शिकला, कोणी हातात कोच दिला नाही. २००८ ला दिल्लीतच इंडियन मास्टर्स जिंकून त्यानं युरोपियन टूरचं, म्हणजे युरोपातल्या मोठ्या स्पर्धांच्या मालिकेचं, दार उघडलं, पण इंडियन ओपन त्याला हुलकावणी देत राहिली, दुसऱ्या नंबरावर तो एकदा नाही, अनेकदा राहिला. २०१५ ला तर कप जवळपास हातात आला होता. शेवटच्या दिवशी लाहिरी सात शॉट मागून सुरू झाला (गोल्फमध्ये कमी फटक्यांत खेळ संपवणारा जिंकतो), बरोबरीत आला, प्लेऑफ झाला आणि जिंकून गेला. आपल्यापैकी कोणी असता तर खेळ सोडून दुकान टाकलं असतं. हा माणूस पुढच्या वर्षी त्याच दिल्लीच्या कोर्सवर आला आणि जिंकला, लाहिरी आणखी एकासोबत बरोबरीत दुसरा. काही शहाणे म्हणायचे की त्याचा छोटा खेळ, म्हणजे ग्रीनजवळचे जवळचे फटके, दिल्लीच्या अरुंद कोर्सलाच शोभतो, मोठ्या कोर्सवर तो चालणार नाही. २०१७ ला स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफ कोर्सवर गेली, लांबलचक, गॅरी प्लेअरनं डिझाईन केलेला, भल्याभल्यांचा घाम काढणारा, आणि तिथे चौरासिया सात शॉटनी जिंकला. सात. दुसऱ्यांच्या लॉनचं गवत कापणाऱ्याच्या पोरानं.

आता हिशोब करा. आठ भारतीय ही स्पर्धा जिंकले, मिळून बारा वेळा. त्यातल्या पाच वेळा कप गेला तो अली शेर, विजय कुमार आणि चौरासियाकडे, म्हणजे कॅडी शेडमधून किंवा माळ्याच्या घरातून आलेल्या तिघांकडे. रंधावा आणि लाहिरी हे फौजी घरातले, छावणीचे कोर्स लहानपणीच पाहिलेले. म्हणजे भारतात गोल्फमध्ये शिरायचे रस्ते तीनच, पैसेवाला बाप, फौजी बाप, नाहीतर बॅग उचलायची. साधा शाळा मास्तरचा, तलाठ्याचा, किंवा आमच्यासारख्या पाच एकर कोरडवाहूवाल्याचा पोरगा या यादीत कुठेच सापडत नाही, कारण त्याच्यासाठी गेटच नव्हतं, तो कुठून शिरणार? आणि ज्याला बॅग उचलायचा रस्ता मिळाला त्याला तो कोणी दिला नव्हता, पोट भरायला आला होता, आलाच आहे तर पाहून पाहून शिकला. हे धोरण नव्हतं, अपघात होता. पण बघा, नुसत्या अपघातानं बारापैकी पाच कप दिले, धोरण असतं तर काय झालं असतं.

"मग झालं ना, जिंकले ना ते, गेट बंद कुठे आहे?" असं कोणी तरी म्हणणारच. याचं उत्तर द्यायला मला जास्त लांब जावं लागत नाही. रशीद खान नावाचा दिल्लीचा प्रो आहे, गरीब घरातून वर आलेला, २०१० च्या एशियन गेम्समध्ये देशाला टीमचं सिल्व्हर मिळवून देणाऱ्यांतला एक. काही वर्षांपूर्वी त्यानं आणि आणखी काही प्रो लोकांनी जाहीर तक्रार केली होती की ज्या दिल्ली क्लबवर आम्ही शिकलो तिथेच आम्हाला सरावाला जाऊ देत नाहीत. देशाच्या वरच्या रँकिंगचा खेळाडू, आणि सरावाला जागा नाही! आणि त्याच क्लबमध्ये जून २०१७ ला, म्हणजे चौरासिया गुरुग्रामला जिंकला त्याच वर्षी, मेघालयातली एक खासी बाई पाहुणी म्हणून जेवायला बसली होती, अंगावर तिचा पारंपरिक जैनसेम होता, आणि तिला टेबलावरून उठवलं कारण म्हणे ती मोलकरणीसारखी दिसते. देशभर बातमी झाली होती. हा क्लब सरकारी जमिनीवर आहे हे विसरू नका.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. ब्रिटिश ओपन १८६० ला स्कॉटलंडच्या प्रेस्टविकला सुरू झाली तेव्हा आठ प्रोफेशनल खेळले, सगळे कॅडी, बॉल बनवणारे, ग्रीन राखणारे असे हातावर पोट असणारे. त्यांचे कपडे बरे दिसत नाहीत म्हणून त्यांना इस्टेटीवरच्या मजुरांचे चौकडीचे कोट घालायला दिले होते असं सांगतात. पहिल्या वर्षी रोख बक्षीस नव्हतं, चामड्याचा पट्टा होता फक्त. अमेरिकेत १९१३ ला फ्रान्सिस विमेट नावाचा वीस वर्षांचा हौशी पोरगा, ज्या कोर्सवर तो कॅडी होता त्याच ब्रुकलाईनला, इंग्लंडच्या हॅरी वॉर्डन आणि टेड रे या दोन बापमाणसांना हरवून यूएस ओपन जिंकला, आणि त्याची स्वतःची बॅग उचलायला होता दहा वर्षांचा एक पोट्टा. त्यानंतर अमेरिकेत लोक गोल्फकडे वळले, गावोगावी पब्लिक कोर्स झाले. म्हणजे त्यांच्याकडे पण हा खेळ वरच्यांचाच होता, फरक इतकाच की कॅडी जिंकल्यावर त्यांनी पुढची पोरं आत येतील असं काही तरी केलं. आपल्याकडे अली शेर जिंकला तर आपण अर्जुन पुरस्कार दिला आणि गेट लावून घेतलं.

आणि पापवा सेवगोलम. हे नाव किती जणांना माहीत आहे? दक्षिण आफ्रिकेतला भारतीय वंशाचा कॅडी, डर्बनचा. स्टिक उलटी धरायचा, उजवा खेळाडू पण डावा हात खाली. त्याचा मालक, जो ऑइल ऑफ ओले क्रीमचा शोध लावणारा माणूस होता, त्याला युरोपात घेऊन गेला आणि पापवानं डच ओपन जिंकली, १९५९, १९६० आणि १९६४ ला. १९६३ ला त्यानं घरच्या डर्बन कंट्री क्लबवर नाताल ओपन जिंकली, पाऊस आला, गोरे सगळे क्लबहाऊसमध्ये, आणि जिंकणारा बाहेर, कारण त्याला आत जायची कायद्यानं बंदी. ट्रॉफी त्याला बाहेर पावसातच दिली. तो फोटो जगभर गेला आणि त्यानं दक्षिण आफ्रिकेवरच्या खेळांच्या बहिष्काराला बळ दिलं. १९६५ ला त्याच स्पर्धेत त्यानं गॅरी प्लेअरला हरवलं. तोच गॅरी प्लेअर ज्यानं डीएलएफचा कोर्स आखला, जिथे आता आपली राष्ट्रीय स्पर्धा होते. पापवाला पुढे सरकारनं खेळूच दिलं नाही. आपल्याकडे असा कायदा नाही हे मान्य आहे, आपल्याकडे कायद्याची गरजच पडत नाही, गेटवरचा वॉचमन कपडे बघून ठरवतो.

आमच्या गावचा एक पोट्टा पुण्याकडे एका गोल्फ क्लबात कामाला आहे, बारावीनंतर ठेकेदारामार्फत गेला. दिवाळीत आला की आम्ही त्याला खोदून खोदून विचारतो आणि तो रंगात येऊन सांगतो. पहाटे उठून लांब लवचिक काठीनं ग्रीनवरचं दव झाडायचं, नाहीतर गवत चिकटते. मग मशीन फिरवायची, गवत तीन-चार मिलिमीटरच ठेवायचं, आपल्या अंगणातल्या सारवणावर हात फिरवावा तसं नाही, त्याहून बारीक काम, एक रेघ वाकडी गेली की सुपरवायझर ओरडते. रोज होलची जागा बदलायची. त्याचं वेगळं कटर असते, गोल पात्याचं, जमिनीत दाबून फिरवायचं, मातीची नळी अख्खी वर उचलायची, ती जुन्या भोकात बसवायची, पाणी मारायचं आणि इतकी दाबायची की सांधा दिसला नाही पाहिजे. होल सव्वाचार इंच रुंद, १०८ मिलिमीटर, जगात कुठेही गेलं तरी तेवढाच. कोणत्या ग्रीनला उतार कुठे आहे, सकाळी बॉल कुठे वळते आणि दुपारी ऊन तापल्यावर कुठे वळते, हे तो आम्हाला चहाच्या ताटलीवर वाटाणा फिरवून दाखवतो. मी विचारलं, तू कधी खेळून पाह्यलं का? तो म्हणे, "खेळणं सोडा भाऊ, स्टिक हातात धरली अन् सुपरवायझरनं पाह्यलं तं दुसऱ्या दिवशी गाडीत बसून घरी." ज्याला जमिनीची नाडी इतकी कळते त्याला वर्षात एकदाही बॉल मारायला मिळत नाही, आणि मेंबर लोक कोच लावून, परदेशातून स्टिका मागवून अंदाजानं पुट, म्हणजे ग्रीनवर होलकडे बॉल ढकलायचा फटका, मारतात. देशाचं टॅलेंट हुडकायची ही पद्धत असेल तर पद्धतीला हात जोडले पाहिजे.

बरं आता पाण्याचं. कोणी म्हणेल तू विदर्भातला, इथे शेताला पाणी नाही आणि तुला गोल्फ सुचतो. बरोबर आहे. आपला सिंचनाचा अनुशेष दांडेकर समितीनं १९८४ लाच मोजून ठेवला होता, गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ ला झालं, तेव्हा जन्मलेली पोरं आता पोराबाळांचे बाप झाली आणि कालव्याची कामं अजून सुरूच आहेत. अशा ठिकाणी कोणी ई-क्लास, म्हणजे सरकारी पडीक, जमिनीवर हिरवागार अठरा होलचा कोर्स काढतो म्हणाला तर पहिला विरोध मी करीन, आणि गायरान तर गुरांसाठी आहे, ते बिल्डरच्या रिसॉर्टला देऊ नका हेही सांगून ठेवतो. मी नवा कोर्स मागतच नाही. जे कोर्स आधीच सरकारी जमिनीवर, छावण्यांमध्ये, पाणी पिऊन उभे आहेत त्यांचं गेट उघडा म्हणतो. पाणी तर तसंही खर्च होऊन राहिलं आहे, मग त्याच्यावर चार पोरं खेळली तर काय एक टँकर जास्त लागणार आहे का?

आणि शिकायला हिरवळच पाहिजे असंही नाही. भारतातल्या छोट्या छावण्यांच्या कोर्सवर ग्रीनच्या ऐवजी ब्राऊन असायचे, म्हणजे गवत नाहीच, वाळू आणि तेल कालवून दाबून सपाट केलेला गोल, मध्ये होल. पाण्याचा थेंब लागत नाही. कित्येक फौजी आणि कॅडी अशाच ब्राऊनवर पुट मारायला शिकले. (जळकं ऑइल जमिनीत ओतायला मी सांगत नाही, नुसती चाळलेली वाळू आणि रोलरनंही काम भागते.) तालुका क्रीडा संकुल नावाचं जे काही आपल्याकडे बांधून ठेवलं आहे, बऱ्याच ठिकाणी त्याच्या ट्रॅकवर तणकट वाढलं आहे आणि हॉलमध्ये निवडणुकीच्या पेट्या किंवा लग्नं, तिथे एका कोपऱ्यात जाळी, रबराची चटई, वाळूचा एक ब्राऊन आणि जुन्या वापरलेल्या दोन-चार स्टिका, एवढ्यात सुरुवात होते. यातून लगेच चौरासिया निघणार नाही, पण पोराला बॉल मारता येते का नाही एवढं तरी कळेल.

महाग खेळ आहे हे पण खरं, पण तिरंदाजी काय स्वस्त आहे का? कंपाऊंड धनुष्य लाखांच्या घरात जाते. तरी नागपूरचा ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेता झाला, हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तीन गोल्ड आणले, आणि सराव कुठे केला, तर साताऱ्याकडे उसाच्या फडाशेजारच्या अकॅडमीत. तिथे कोणी तरी जागा दिली, कोणी तरी शिकवलं. उमेश यादव घ्या, वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा, टेनिस बॉलवर वाढलेला, विदर्भाकडून कसोटी खेळणारा पहिला खेळाडू झाला. विदर्भाचा संघ २०१७-१८ ला रणजी जिंकेपर्यंत मुंबईवाले आपल्याला पण हसायचेच की, मग २०१८-१९ ला परत जिंकलो आणि २०२४-२५ ला पुन्हा. कोणता खेळ कोणाचा हे जातीनं, पैशानं ठरत नाही, मैदानात कोणाला घेतलं त्यावर ठरते.

पोरींचं तर वेगळंच सांगावं लागेल. ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी अख्खा देश मोबाईलवर अदिती अशोकचं गोल्फ पाहत होता, बर्डी म्हणजे काय ते गुगल करून करून, एका शॉटनं तिचं मेडल हुकलं, चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं आणि आपण गोल्फ विसरलो. या अदितीनं २०१६ लाच विमेन्स इंडियन ओपन जिंकली होती, तेव्हा कोणाला माहीत होतं? माझ्या पुतणीनं त्या सकाळी विचारलं होतं की हे आपल्याकडे कुठे शिकवतात. मी काय सांगणार?

आता स्पर्धेचं बघा. २०१५ पासून ती युरोपियन टूरसोबत मिळून होते, बक्षीस वीस लाख डॉलरच्या वर गेलं, टीव्हीवर चकाचक दिसते. कोविडमुळे २०२० ते २०२२ झाली नाही. पण २०१८ पासून २०२५ पर्यंत एकही भारतीय जिंकला नाही, इंग्लंडचा मॅट वॉलेस, स्कॉटलंडचा गॅलाकर, जर्मनीचा झीम, जपानचा नाकाजिमा, स्पेनचा चाकारा, असं सगळं बाहेर. काही जण म्हणतात की बाहेरच्यांना बोलावलं म्हणून आपले हरतात, स्पर्धा पुन्हा छोटी करा. मला हे बिलकुल पटत नाही. बाहेरचे १९६४ पासूनच येतात, चौरासियानं त्यांनाच हरवलं. अडचण वर नाही, खाली आहे. ज्या खालच्या रस्त्यानं अली शेर आणि चौरासिया आले तो आटत चालला आहे, नव्या कोर्सवर बॅग न्यायला बॅटरीच्या गाड्या आल्या, कॅडीचं काम कमी झालं, आणि त्या बदल्यात दुसरा कोणता रस्ता कोणी बांधला नाही. बांधता येतो हे दिल्लीनंच दाखवलं आहे. लाडोसरायला कुतुब गोल्फ कोर्स आहे, डीडीएचा म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाचा, २००० साली सुरू झालेला, देशातला पहिला पब्लिक कोर्स म्हणतात त्याला, पैसे भरा आणि खेळा, मेंबरशिप लागत नाही. बाकी देशात असे किती आहेत, बोटावर मोजायला पण कष्ट पडत नाहीत.

आणि मुकेश कुमार. महूच्या लष्करी कोर्सवर लहानपणी कॅडी होता. महू म्हटलं की आपल्या लोकांना बाबासाहेबांचं जन्मगाव आठवते, तिथलाच हा. देशातल्या टूरवर त्यानं शंभराच्या वर स्पर्धा जिंकल्या, पण आशियाई टूरवरची पहिली स्पर्धा जिंकायला २०१६ चा डिसेंबर उजाडला, दिल्लीत पॅनासोनिक ओपन, आणि तेव्हा त्याचं वय होतं ५१. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जिद्द म्हणाले, प्रेरणा म्हणाले. मला राग आला. अशा हाताला वीस-पंचविसाव्या वर्षी बाहेर खेळायला पैसे, कोच, सराव मिळाला असता तर कुठे गेला असता तो? उतारवयातल्या विजयाचं कौतुक करून आपण मधली तीस वर्षं कोणी खाल्ली हा प्रश्न टाळतो.

तर अटी काय पाहिजेत ते सांगून टाकतो, कारण नुसती बोंब मारायची आणि निघून जायचं हे मला आवडत नाही. सरकारी जमिनीवरच्या क्लबची लीज जेव्हा नवी होईल तेव्हा तिच्यात लिहायचं की आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामगारांच्या आणि आसपासच्या शाळांच्या पोरापोरींचा, मोडक्या का होईना पण स्टिका क्लबनं द्यायच्या, आणि ज्या प्रोकडे देशाच्या टूरवर खेळायचं कार्ड, म्हणजे परवाना, आहे त्याला सरावाला कोणी अडवायचं नाही. पालन झालं नाही तर भाडं बाजारभावानं. छावण्यांच्या कोर्सबद्दल संरक्षण खात्यानं एक परिपत्रक काढलं तरी भागते, सुरक्षेचा प्रश्न आहे हे कळते मला, पण शाळेची यादी, ओळखपत्र, एक गेट, एवढं तर एनसीसीच्या कॅम्पला पण करतातच की.

मेंबर लोक म्हणतील आमचे दिवस कमी होतील. कोणते? आमच्या त्या पुण्याच्या पोट्ट्याच्या क्लबात सोमवारी कोर्स बंदच असते, गवताला आराम म्हणून, आणि बऱ्याच क्लबांत हीच रीत आहे. तो सोमवार द्या. पोरांनी मारलेल्या फटक्यानं जमिनीचे टवके उडतील, उडू द्या, वाळूची बाटली घेऊन संध्याकाळी तेच भरून देतील, आणि मेंबरपेक्षा चांगले भरतील, कारण मेंबरनं उडवलेले पण आठवडाभर तेच भरतात.